पिशवी, कोयता आणि ताईला आलेला मेसेज

परवा रात्री अंबाजोगाईहून ताईचा फोन. "दादा, पोरीला त्या विकासाच्या एमएला पाठवू नको म्हणायलेत सगळे." सगळे म्हणजे भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. 'जागतिक विकास अभ्यास : पोरांनो, फसू नका' असा मथळा, खाली चार मुद्दे, शेवटी जोडलेले हात. विषय म्हणजे एखादा भाग किंवा देश मागे का राहतो आणि पुढे कसा जाईल, याचा अभ्यास. हा मेसेज मला आधीही तीनदा आला होता, तिन्ही वेळा पुसला. आता भाचीचा फॉर्म अडलाय, म्हणून लिहितो.

पहिला मुद्दा : "थोडं अर्थशास्त्र, थोडं समाजशास्त्र, थोडा भूगोल. नुसती खिचडी." अहो, 'अनुशेष', म्हणजे बाकीच्या राज्याच्या मानाने राहिलेली विकासाची तूट, हा शब्द आपण उठताबसता वापरतो. तो घरोघरी पोचला 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालामुळे. अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ, पण मोजलं काय? सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य. मराठवाडा मागे का, हे एका विषयात बसलं नाही म्हणूनच ना?

दुसऱ्या मुद्द्याने मात्र डोकं फिरलं. "मराठवाड्याचा प्रश्न एकच, पाणी. तो इंजिनिअर सोडवील, तुमची सर्वेक्षणं नाही." एप्रिल 2016 आठवतो? मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. मांजरा धरण होतं की, इंजिनिअरनीच बांधलेलं. त्यातलं पाणी कोणत्या पिकाला जाणार, हे काही पाईप ठरवत नाही.

आणि पाणीच सगळं असेल तर बीडच्या बायकांच्या पिशव्या कुठे गेल्या? 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहांत एक. देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांत हेच प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2015-16) शंभरात 3 च्या आसपास होतं.

आता सांगा, हा प्रश्न कोणत्या खात्याचा? डॉक्टर म्हणेल, पांढरं जात होतं, काढली. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, जोडीच्या नावावर, एकाने खाडा केला की दंड. पाळीतही मोळी उचलायचीच. फडावर कोपीत ना संडास, ना न्हाणी. आमच्या शेजारच्या गावातली एक बाई मला म्हणाली होती, "दुसऱ्या लेकरानंतर काढली. पैसे मुकादमानंच दिले, उचलीत धरले." शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचा. ऑपरेशनचा खर्च कर्जात, कर्ज फेडायला पुन्हा ऊस. ही गाठ सोडवायला कर्जाचा हिशेब लागतो, कामगार कायदा लागतो, बाईच्या अंगाची माहिती लागते. शिवाय कोरडवाहू दोन एकरावर घर का भागत नाही, हेही कळावं लागतं. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं एक तरी ठाऊक आहे का?

तिसरा : "हा परदेशी विषय, इथे काय कामाचा?" उगम बराचसा तिकडचा, मान्य. नेदरलँड्समधल्या हेगची या विषयाची संस्था 1952 ची, इंग्लंडमधल्या ससेक्सची 1966 ची, आणि सुरुवातीला 'आम्ही शिकवू, तुम्ही शिका' असाच तोरा होता. पण तिरुवनंतपुरमला विकास अध्ययन केंद्र 1970 च्या सुमारासच उभं राहिलं, आणि टाटा समाजविज्ञान संस्था तुळजापुरात 1980 च्या दशकापासून आहे, देवीच्या गावात! राहिला 'जागतिक' हा शब्द. लातूरच्या आडतीत जाऊन सोयाबीन का पडलं विचारा. आडत्या ब्राझीलचं पीक, शिकागोचा बाजार आणि पामतेलावरचं आयात शुल्क, सगळं एका दमात सांगतो. त्याला कुणी परदेशी म्हणत नाही.

चौथा, नोकरीचा. इथे मेसेज अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. बरीच कामं प्रकल्पावरची, करार वर्ष-दोन वर्षांचा, प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. ताईला मी हे लपवलं नाही. फी, वसतिगृह, शिष्यवृत्ती नीट विचारून घे, आधीच्या बॅचची पोरं आज कुठे आहेत तेही विचार, म्हणालो. पण हा मेसेज पाठवणाऱ्या आमच्या दाजींचा धाकटा इंजिनिअर होऊन तीन वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या क्लासला आहे. ते कोणत्या ग्रुपवर टाकायचं?

फॉर्म काल भरला. भाचीने उद्देशाच्या रकान्यात काय लिहिलं ते वाचू दिलं नाही, "मामा, तू दुरुस्त्या करत बसशील" म्हणाली.