‘हात संपला’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

मागचा लेख विमानांच्या छोट्या प्लास्टिक प्रतिकृती रंगवताना लागणारे पेंट मास्क, म्हणजे रंग नको तिथे चिकटवायचे कापलेले तुकडे, टेबलावरच्या संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनवर कसे कापावेत याबद्दल होता. त्यावर ‘एक जुना मॉडेलर’ एवढीच सही करून एका वाचकाने लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवावा असं आधी वाटलं. पण तिच्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिच्यातले आक्षेप थोडक्यात सांगतो. छोटी वर्तुळं या मशीनवर अंडाकृती येतात. मास्कसाठी वापरायची व्हिनाइलची चिकट फिल्म गोल पृष्ठभागावर उचलते आणि खालून रंग शिरतो. मशीनच्या पैशांत कितीतरी किट येतील. नवशिक्यांना वाटेल की मशीनशिवाय हा छंद होतच नाही. मास्क हवेतच तर एडुआर्ड या चेक कंपनीचे तयार घ्यावेत. आणि शेवटी: ‘यंत्राने मास्क कापला की मॉडेलरचा हात संपला. तुमच्यासारखे बटणवाले पुढच्या पिढीला आळस शिकवत आहेत.’

नमस्कार. सहीवरून तुम्ही माझ्यापेक्षा वडील आहात असं धरतो आणि तो मान ठेवूनच बोलतो.

तुमचं एक म्हणणं आधीच मान्य करतो. सरळ रेषेसाठी मशीन लागत नाही. शेपटीवरच्या फिन फ्लॅशचे, म्हणजे तिरंगी खुणेचे, तीन उभे पट्टे मी आजही तामियाच्या मास्किंग टेपनेच करतो. काचेवर टेप पसरायची, स्टीलच्या पट्टीने कडा ताजी कापून घ्यायची, लावायची. तेवढ्यासाठी फाइल उघडत बसणं म्हणजे वेळ घालवणं. माझ्या लेखात याच्या विरुद्ध एकही शब्द नाही, तरी तुमचं हे म्हणणं बरोबर आहे हे नोंदवतो.

आता ‘हात संपला’. तुम्ही हे वाक्य लिहिलंत तेव्हा मास्क कसा तयार होतो हे डोळ्यांसमोर आणलं होतंत का? मशीन कापायला लागतं तेव्हा बहुतेक काम होऊन गेलेलं असतं. मिग-२१ या लढाऊ विमानाचं कॅनपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, घ्या. पारदर्शक भागावर टेप बसवायची, लाकडी काडीने फ्रेमच्या कडांवरून दाबत न्यायची, टोकदार पेन्सिलने रेषा उतरवून घ्यायची, मग ती टेप न ताणता उचलून पांढऱ्या कागदावर सपाट करायची. ताणली गेली तर सगळं परत. मग स्कॅन, ६०० डीपीआयला. मग इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या पेन्सिलच्या रेषेवर बिंदू ठेवत वक्र ओढायचा, आणि पेन्सिलच्या जाडीच्या आतली कडा धरायची की बाहेरची हे ठरवायचं. ०.३ मिलिमीटर इकडेतिकडे झालं की १/४८ प्रमाणात खऱ्या विमानावर ते जवळजवळ दीड सेंटिमीटर होतं, १/७२ ला दोन सेंटिमीटरच्या वर जातं. ती कडा कोण ठरवतं? मशीनला कॅनपी म्हणजे काय हेही माहीत नसतं.

पुढे साहित्य. पिवळी काबुकी टेप पातळ आणि कागदी असते, तिला ब्लेड अगदी थोडं बाहेर हवं, वेग कमी, दाब हलका. निळसर पारदर्शक ओरामास्क ८१३ हे व्हिनाइल जाड, त्याला वेगळा दाब. ब्लेडने वरचा थर पूर्ण कापायचा आणि खालच्या कागदाला नुसता ओरखडा द्यायचा. हे आकडे दुसऱ्याच्या तक्त्यातून उचलून चालत नाहीत. ब्लेड जुनं झालं की बदलतात, फिल्म धरून ठेवणारी चिकट मॅट सैल झाली की बदलतात. म्हणून प्रत्येक वेळी कोपऱ्यात चौकोन-त्रिकोणाचा छोटा कट घेऊन तो सुईने उचलून बघायचा. कडा केसाळ निघाली की ब्लेड गेलं, कोपरा चिकटून राहिला की दाब कमी पडला. हे बोटांना कळतं, आणि ती बोटं माझी आहेत.

आपल्या हवाई दलाच्या राउंडेलकडे, म्हणजे विमानावरच्या गोल तिरंगी खुणेकडे, या. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. खऱ्या विमानावर ते २४ इंचांचं असेल तर १/४८ ला १२.७ मिलिमीटर होतं आणि १/७२ ला जेमतेम साडेआठ. तुम्ही म्हणता, ‘आम्ही हे कंपासला ब्लेड बांधून कापायचो.’ मीही कापलं आहे. कंपासची सुई मध्यभागी भोक पाडते, त्या भोकातून रंग झिरपतो, आणि एकाच केंद्रावर तीन वर्तुळं कापताना ते भोक प्रत्येक फेरीला मोठं होत जातं. शेवटच्या वर्तुळापर्यंत केंद्र सरकलेलं असतं. हात कितीही स्थिर असला तरी त्या आकाराला अवजारच कमी पडतं.

मशीनवर तिन्ही वर्तुळं एकाच फिल्मवर, एकाच केंद्रावर कापली जातात. मग खरी मजा सुरू होते, आणि ती संपूर्ण हाताची आहे. बाहेरची चौकट लावून आतली सगळी गोल जागा आधी पांढरी मारायची, कारण केशरीवर पांढरा रंग बसवायला थरावर थर द्यावे लागतात. पांढरं सुकलं की पांढऱ्या पट्ट्याची रिंग आणि मधली चकती जागेवर बसवायची, बाहेर केशरी. मग केशरी पट्टा झाकायचा, मधली चकती उचलायची, आत हिरवा. सगळे तुकडे एकाच कापणीतले, त्यामुळे एकमेकांत नेमके बसतात. प्रत्येक थर पातळ आणि जवळजवळ कोरडा फवारायचा, नाहीतर कडेला रंगाचा वरंबा उभा राहतो आणि बोट फिरवलं की लागतो. मास्क उचलताना स्वतःवरच मागे दुमडत उचलायचा, सरळ वर ओढायचा नाही. आणि हे झाल्यावर डिकॅलची, म्हणजे भिजवून चिकटवायच्या छापील चित्राची, पारदर्शक कडा नाही, खाली हवा अडकून येणारी चकाकी नाही, कॅमोफ्लाजवर पिवळट पडलेला केशरी नाही. केशरी मी स्वतः मिसळलेला, जसा मला हवा तसा.

उघड्या धातूच्या रंगातलं मिग-२१ एफएल करायचं असेल तर हा क्रमच उलटा होतो. धातूच्या रंगावरून टेप उचलली की रंगही उचलून येण्याची धास्ती असते. म्हणून मी आधी राउंडेल रंगवतो, ते गोल चकतीने झाकतो आणि मग सगळ्या अंगावर धातू मारतो. हा निर्णय कोणत्या बटणात आहे ते मला दाखवा.

माझे वडील ओझरला एचएएल या विमान कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होते. मिग-२१ तिथेच बांधली जात. मास्किंग पेपरची गुंडाळी, टेपच्या कडेवरून नख फिरवण्याची पद्धत, टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी काढायची ही ताकीद, हे सगळं मी घरातच शिकलो, पहिलं किट हातात यायच्या कितीतरी आधी. अक्षरं आणि आकडे ते स्टेन्सिलने मारत. ती स्टेन्सिल त्यांनी स्वतः कापलेली नसे, दुसऱ्या विभागातून येई. म्हणून त्यांचा हात संपला होता का? त्यांनी रंगवलेली विमानं पठाणकोटला आणि जोधपूरला उभी होती, आणि त्यांच्या हाताबद्दल कुणीही, अगदी कडक तपासनिसानेही, असले शब्द वापरले नाहीत. तुम्ही मला ‘बटणवाला’ म्हणता तेव्हा तुम्ही कोणत्या परंपरेत मोडता आणि मी कोणत्या, याचा जरा विचार करावा. आज खऱ्या विमानांच्या रंगशाळांतही लोगो आणि अक्षरांचे मास्क संगणकाला जोडलेल्या प्लॉटरवर कापून येतात. मोठं विमान रंगवणाऱ्याला ते चालतं आणि मी बारा मिलिमीटरचं वर्तुळ कापलं की आळस?

आणि एडुआर्ड. इथे मला खरोखर राग आला, लपवत नाही. एडुआर्डचे तयार काबुकी मास्क उत्तम असतात, मीही ते आनंदाने वापरतो. पण ते चेकियातल्या कारखान्यात यंत्रावरच कापले जातात. म्हणजे दुसऱ्याच्या यंत्राने कापलेला मास्क विकत घेतला तर तुमचा हात शाबूत, आणि मी मोजून, रेखून, स्वतःच्या टेबलावर कापला तर माझा हात संपला. एकाच प्रतिक्रियेत दोन्ही वाक्यं आहेत. पोस्ट करण्याआधी ती एकदा वाचली असती तर बरं झालं असतं.

तयार मास्क सगळ्यासाठी मिळतही नाहीत. मला ज्या एका विमानाचा फोटो हवा तसा सापडला, त्याच्या नाकावरचा अनुक्रमांक, ‘सी’ आणि त्यापुढचे आकडे, कुठल्याही पाकिटात येत नाहीत. फोटोवरून मोजावे लागतात. मिग-२१ च्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, १/४८ ला सुमारे १४९ मिलिमीटर. असं एखादं ठाऊक माप धरून, फोटोचा कोन सांभाळून, अक्षराची उंची काढायची. संगणकातला तयार फाँट तिथे लावला की जाणकाराला लगेच कळतं, कारण विमानावरच्या ‘५’ चं पोट आणि फाँटमधल्या ‘५’ चं पोट वेगळं असतं. मी ते आकडे एकेक करून रेखतो. यात किती संध्याकाळी जातात ते घरच्यांना विचारा.

बाकीचे मुद्दे थोडक्यात घेतो, कारण त्यांची उत्तरं मूळ लेखातच होती.

अंडाकृती वर्तुळं: या मशीनचं ब्लेड ट्रॉलीच्या चाकासारखं मागे ओढलं जातं, त्याचं टोक अक्षाच्या किंचित मागे असतं. त्यामुळे वर्तुळाची सुरुवात आणि शेवट नीट जुळत नाही. ओव्हरकट, म्हणजे सुरुवातीच्या बिंदूच्या थोडं पुढपर्यंत कापणं, चालू करा, वेग कमी करा, ब्लेड नवं लावा. दोन-तीन मिलिमीटरच्या खाली मी मशीन वापरतच नाही, तिथे गोल चकत्या पाडणारा पंच आहे. मिगच्या चाकांचे हिरवे हब मात्र मशीनवरच करा, कॅलिपरने माप घेऊन. टायर आणि हबमधली ती स्वच्छ कडा ब्रशने येत नाही.

व्हिनाइल उचलतं: उचलतं. ताणलेलं व्हिनाइल परत मूळ आकाराला जाऊ पाहतं. म्हणूनच दुहेरी वक्र असलेल्या जागी काबुकी वापरा असं लेखात लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. तरीही धास्ती असेल तर मास्क लावल्यावर आधी खालचाच रंग कडेवर हलका फवारा. फट असेल तर ती त्याच रंगाने बुजते आणि वरचा रंग आत जात नाही. कॅनपीवर हा पहिला थर कॉकपिटच्या आतल्या रंगाचा द्या, म्हणजे काचेतून बघताना फ्रेम आतूनही बरोबर रंगाची दिसते.

किंमत: ज्याला परवडत नाही त्याने घेऊ नये. मी कुणाला घ्यायला सांगितलेलं नाही, मशीन विकतही नाही. तुमच्या कपाटात न उघडलेली किती किट पडून आहेत हे मी विचारलेलं नाही.

नवशिक्यांची दिशाभूल: माझ्याकडे रविवारी मुलं येतात, त्यांना मी आधी टेप आणि अकरा नंबरचं ब्लेड देतो. कॅनपीवर टेप बसवून फ्रेमच्या कडेने हाताने कापायला लावतो, आणि प्लास्टिकवर ओरखडे पाडूही देतो. फ्रेमची कडा बोटाला जाणवायला लागली की मगच त्यांना स्कॅनर दाखवतो. त्यातल्या दोघांनी आता १/७२ ची राउंडेलं माझ्यापेक्षा स्वच्छ रंगवली आहेत. त्या मुलांना ‘आळशी पिढी’ म्हणणं मला सहन होणार नाही. माझ्याबद्दल काय वाटेल ते लिहा, त्यांच्याबद्दल जपून लिहा.

१/४८ राउंडेलची फाइल मूळ लेखाच्या खाली डीएक्सएफ आणि एसव्हीजी अशा दोन्ही रूपांत ठेवली आहे. उघडल्यावर आधी माप तपासा, बाहेरचं वर्तुळ १२.७ मिलिमीटर यायला हवं. काही सॉफ्टवेअर डीएक्सएफ आत घेताना प्रमाण बदलतात. तुम्हीही ती घ्या, कापून बघा, एखाद्या पंखावर रंगवा आणि कडेचा जवळून काढलेला फोटो पाठवा. कड खराब आली तर कुठे बिघडलं ते आपण दोघं मिळून शोधू, त्याला माझी मनापासून तयारी आहे. पण पुढच्या प्रतिक्रियेत ‘बटणवाले’ हा शब्द असेल तर ती इथे प्रसिद्ध होणार नाही.