रेंडांग होता होता राहिलं

आमच्या सांगलीत ओला नारळ देवाचा, ओटीचा, नाहीतर नव्या गाडीच्या चाकाखालचा. स्वयंपाकघरात राज्य सुक्या खोबऱ्याच्या वाटीचं. ती आचेवर धरून काळपट भाजायची, कांद्याबरोबर वाटायची, की रस्सा तयार. नारळाचं दूध वगैरे काढणाऱ्या कोकणातल्या पाहुण्यांचं आम्ही तोंडावर कौतुक करतो आणि ते गेल्यावर "गुळमट होतं बाई" म्हणतो.

हे माहीत असून मी दिवाळीनंतरच्या रविवारी रेंडांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवून सुकवलेलं मटण, करायला घेतलं. दोष मलेशियाच्या सहलीचा. क्वालालंपूरला ते खाल्लं, आणि परतल्यापासून घरात त्याचं इतक्यांदा नाव काढलं, की ही म्हणाली, "एकदाचं करून टाका, म्हणजे विषय संपेल."

सामानाची यादी भयंकर होती, पण परदेशी नावं सोलल्यावर आत सगळे ओळखीचेच निघाले. लेमनग्रास म्हणजे गवती चहा. तो मागच्या दारी न्हाणीच्या पाण्यावर माजलाय. हळदीचं पान तर सांगलीत मिळायचं नाही तर कुठं? २०१८ साली आमच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पानाला कुत्रं विचारत नाही. मित्राला एक पान मागितलं, त्यानं शेतातून भाराच आणून टाकला. अडलं ते गलांगलपाशी. ते म्हणजे कुलिंजन, काष्ठौषधीच्या दुकानात वाळकं मिळतं. दुकानदारानं पुडी बांधता बांधता माझ्या गळ्याकडं बघितलं.

"नाटकात उतरताय काय?"

गवई आणि नट आवाजासाठी कुलिंजन चघळतात, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते इथंच, त्यामुळं शंका रास्त होती. "मटणात घालायचंय," म्हटल्यावर मात्र त्याच्या हातून पुडी सुटेना.

एक किलो मटणाला चार नारळ. पहिला उंबऱ्यावर आपटला; नारळ शाबूत, उंबऱ्याचा टवका उडाला. मग कोयता आला, शेजारी आले, सल्ले आले. विळीच्या खवणीवर बसायला माझे गुडघे तयार नव्हते, बसल्यावर उठायला तयार नव्हते. तिसऱ्या करवंटीला अंगठ्याचं साल गेलं. कीस मिक्सरमधून काढून पंच्यात घातला आणि पिळायला लागलो. पहिलं दूध दाट, सायीसारखं. त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरं काढायचं. जोर लावला तसा बोळा सुटला आणि शिंतोडे उडाले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर, नेमके संकष्टीच्या चौकोनात. आईनं काही न बोलता ते पान पुसलं. तिचं न बोलणं मला नेहमी महाग पडतं.

थोडा कीस मंद आचेवर तांबूस भाजून तेल सुटेपर्यंत कुटायचा असतो. त्याला केरिसिक म्हणतात. खलबत्त्याचा आवाज ऐकून आई आत आली, वास घेतला.

"अरे, हे तर आपलं वाटणच की! मग एवढं विमानानं कशाला गेलतास?"

रेंडांग मूळचं इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचं. त्यांच्यात घर-शेती आईकडून मुलीकडं जाते. आमच्यात डंकावरून कुटून आणलेल्या चटणीची बरणी सासूकडून सुनेकडं जाते, फक्त आमच्याकडं ती अजून गेलेली नाही. मी वळलो तेवढ्यात त्या बरणीचं झाकण वाजलं. "चमचाभरच घातली," आई म्हणाली. "चटणीबिगर मटण कसलं?" चमचा कुठला, ते विचारायचं धाडस झालं नाही.

आता खरी परीक्षा. दुधात मटण शिजवत तीन-चार तास आटवायचं. पातळ असतं तोवर ते गुलाई, घट्ट झालं की कालिओ, आणि पार सुकून काळपट झालं, तेल सुटलं, की रेंडांग. एकाच पातेल्यात तीन नावं. हे मी घरच्यांना समजावून सांगितलं, आणि तिथंच चुकलो. सांगलीत रविवारी एक वाजता मटण ताटात नसेल तर माणसं नावं ठेवतात, पदार्थाची नावं ऐकून घेत नाहीत.

सव्वाला धाकटा वाटी घेऊन आला. "रस्सा झालाय की!" गुलाईतून चार वाट्या गेल्या. पावणेदोनला पाहुणे म्हणून आलेले मेव्हणे आत डोकावले, "सुकं झालं वाटतं," म्हणून कालिओवर भाकरी मोडली. "गोडसर आहे, पण चालतंय," असा शेरा आला. चालतंय म्हणत म्हणत पातेलं चाललं होतं. मी ढवळत होतो आणि ढवळण्याजोगं कमी कमी होत होतं.

साडेतीनला सगळे घोरत असताना मी झाकण काढलं. तळाशी चमचाभर खरवड, गडद तपकिरी, तेल सुटलेली, गवती चहा आणि हळदीच्या पानाच्या वासाची. बोटानं चाटून घेतली.

"करपलं ना?" आतून आईचा आवाज आला. "पाणी घालून ठेव, भांडीवाली कुरकुर करते."