आधी स्वतःला क्षमा, मग शुगरची गोळी?

नाशिकरोडपासून शरणपूरपर्यंत चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'बायबल सांगतं, आधी स्वतःला क्षमा करा, नाहीतर देवही करणार नाही. साठलेल्या अपराधीपणातूनच शुगर, बीपी होतात. गोळ्यांनी मूळ जात नाही. अजून रडू येतं म्हणजे विश्वास कच्चा.'

असले मेसेज मी न वाचताच डिलीट करते. पण हा मावशीपर्यंत पोचला. काकांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा पित्त समजून तिने ओवा-मीठ दिलं होतं, आणि निघाला हार्टअटॅक; ते तिच्या मनातून जात नाही. मेसेज वाचून तिने शुगरच्या गोळ्यांची डबी उचलून फ्रिजवर ठेवली. "आधी मन साफ होऊ दे, मग बघू."

तर आधी आजाराचं बोलू. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाचा ९वा अध्याय उघडा. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. मेसेजवाल्यांनी सांगावं, त्या माणसाने आईच्या पोटात कसला अपराधीपणा साठवला होता? ताणाने शुगर चढते, हे कबूल. पण इन्सुलिन कमी पडतं किंवा शरीर त्याला दाद देत नाही, त्यावर गोळी लागते. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्यच होता, आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो.

'बायबल सांगतं' म्हणे. कुठे? मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) अट आहे ती दुसऱ्यांना क्षमा करण्याची. कुणीतरी तिथे गुपचूप 'स्वतःला' घुसडलंय. उलट योहानाच्या पहिल्या पत्रात (३:२०) म्हटलंय की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव मनापेक्षा थोर आहे. म्हणजे मावशीला माफी मिळायला मावशीचीच मंजुरी लागत नाही.

रडण्याचं म्हणाल तर येशूला 'ओळखत नाही' म्हणणारा त्याचा शिष्य पेत्रही कोंबडा आरवल्यावर रडला. त्यालाच पुढे येशूने 'माझी मेंढरे चार', म्हणजे माझ्या लोकांना सांभाळ, असं सांगितलं.

एक मात्र मान्य करते, नाइलाजाने. देवाने माफ केलं तरी स्वतःच्याच केसमध्ये न्यायाधीश होऊन बसणारे असतात, आणि मावशी त्यातलीच. पण मेसेजमध्ये भरपाईचा उल्लेखच नाही. बायबलमधला जकातदार जक्कय येशूला म्हणाला होता, लुबाडलं असेल तर चौपट परत देतो. या मेसेजच्या हिशेबाने भावाची जमीन लाटणाराही आरशासमोर 'मी मला माफ केलं' म्हणून मोकळा!

मावशीने तर कुणाचं काही लाटलं नाही. पित्त की हार्टअटॅक, हे ठरवायला डॉक्टरांनाही ईसीजी काढावा लागतो. तिच्याकडे ओव्याची बरणी होती.

अ‍ॅडमिननी बाकीचा मेसेज हवा तर ठेवावा, गोळ्यांची ओळ आजच काढावी.