परप्रांतीय म्हणजे नक्की कोण, हे आमच्या सोसायटीने मतदानाला टाकलं

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. लिफ्टच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट, टाकीची गळती, गणपतीचा हिशोब आणि शेवटी नेहमीप्रमाणे ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. आयत्या वेळी जो विषय आला तो असा : यापुढे परप्रांतीयांना फ्लॅट भाड्याने देऊ नये, त्यातल्या बॅचलरना तर मुळीच नाही, आणि तसा ठराव नोटीस बोर्डावर लावावा.

मी सेक्रेटरी, म्हणजे इतिवृत्त लिहिणारा हमाल. पेन थांबवून विचारलं, “परप्रांतीय म्हणजे नक्की कोण? तसं लिहावं लागेल.”

“अहो, महाराष्ट्राबाहेरचे.”

“बेळगावचे?”

“काहीतरीच काय, ते आपलेच.”

“बी विंगमधले इंदूरचे? चार पिढ्या तिकडे गेल्यात.”

“ते मराठीच की हो.”

“आणि चाकणला जन्मलेला, दहावी मराठी शाळेतून झालेला बिहारी मुलगा?”

मागून कुणीतरी म्हणालं, “सेक्रेटरी, वकिली नको. लिहा.”

त्या ‘लिहा’वरून ही पोस्ट लिहितोय. लांबली तर सोडून द्या.

आधीच एक स्पष्ट करतो, कारण खाली कोण काय लिहिणार आहे ते मला माहीत आहे. मी मराठीच्या बाबतीत मवाळ नाही. पहिलीपासून हिंदी आणणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, तेव्हा भाच्या-पुतण्यांच्या घरी फोन करकरून मीच डोकं खाल्लं होतं. जूनमध्ये त्यात शब्दांची फिरवाफिरव झाली, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले तेव्हा मी घरी पेढे आणले. बँकेत मराठीत फॉर्म मागणारा, रिक्षात मराठीत बोलणारा, कस्टमर केअरला ‘मराठीसाठी’ जे बटण असतं ते दाबून वीस मिनिटं ताटकळणारा मनुष्य मीच. तेव्हा मला शिकवू नका.

पण तो ठराव लिहिताना हात थांबला, याचं कारण १९९० मधलं आहे.

बारावी झाल्यावर मी औसा तालुक्यातून पुण्याला आलो. शिवाजीनगर स्टँडवर उतरलो, हातात वळकटी आणि एक पत्ता. नारायण पेठेत कॉटबेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती, जागा होती. मालकांनी पहिला प्रश्न विचारला, “आडनाव?” दुसरा, “अंडी खाता का?” तिसरा मला कळलाच नाही, कारण माझं मराठी आणि त्यांचं मराठी यांची ओळख व्हायची होती. मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी एकाला विचारलं, “कुठं जायलाव?” सगळं टेबल हसलं. एक गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, “जायलाव म्हणजे काय रे? वर्तमानकाळ की भविष्यकाळ?” त्यानंतर दोन महिने मी मेसमध्ये तोंड उघडलं ते जेवायलाच.

मी महाराष्ट्राचा. मराठी बोलणारा. आईबापही मराठी, आज्या-पणज्याही मराठी. आणि तरीही सदाशिव-नारायणच्या हिशोबात मी ‘तिकडचा’. म्हणून ‘परप्रांतीय’ हा शब्द ऐकला की मला आधी वाटतं, प्रांताची वेस नेमकी कुठे आखलीय? इथे एकेकाळी ती पेठा जिथे संपतात त्या लकडी पुलाशी होती.

याच मालकांची दुसरी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला. रेडिओवर किल्लारी ऐकलं आणि माझे पाय गेले. आमचं गाव तिथून फार लांब नाही. मालक वर आले, काही न बोलता पाचशे रुपये खिशात कोंबले आणि म्हणाले, “आधी घरी जा. भाड्याचं नंतर बघू.” ते ‘नंतर’ त्यांनी कधीच काढलं नाही. आडनाव विचारणारा आणि पैसे कोंबणारा माणूस एकच होता. त्यामुळे सभेत हात वर करणाऱ्यांना मी राक्षस वगैरे समजत नाही.

आता त्यांच्या तक्रारीकडे येतो, कारण तक्रार खोटी नाही. आम्ही किरकटवाडीत राहतो. खडकवासल्याचं धरण इथून रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि आमच्याकडे टँकर. ३० जून २०२१ ला आणखी बावीस गावांबरोबर आम्हाला पुणे महापालिकेत घेतलं. कर आला, पाणी यायचंय. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा नांदेड, किरकटवाडी, खडकवासला हीच नावं रोज टीव्हीवर होती. आमच्या मजल्यावरचे आजोबा पायातली ताकद गेली म्हणून तीन आठवडे दवाखान्यात होते. तेव्हा विहिरीचं पाणी, क्लोरीन, टँकर यांवर सगळे तज्ज्ञ झाले होते.

सभेत ठराव मांडणारे सूचक म्हणाले, “हे लोंढे आले म्हणून पाणी पुरत नाही.” मला एवढंच विचारायचं आहे की लोंढा इमारतीच्या आधी आला की नंतर? पाणी नसताना बांधकामाची परवानगी मिळते कशी, हे या भागात फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी देईन, असं बिल्डर हमीपत्र देतो. मग सोसायटी हस्तांतरित होते आणि हमीपत्र फायलीत राहतं. त्या कागदावर सही कुठल्या बिहाऱ्याची नसते. पण हमीपत्राला शिवी देता येत नाही, गेटवर उभ्या पोराला देता येते.

(सूचकांचा वाकडला दुसरा फ्लॅट आहे. त्यात आयटीतली चार मुलं राहतात, त्यातलं एकही मराठी नाही. भाडं दर वर्षी वाढतं. पुढे जातो.)

मी भोसरीत एका छोट्या कारखान्यात परचेस बघतो, तीस वर्षं झाली. त्यामुळे ‘आमच्या पोरांना काम का नाही’ हा प्रश्न मला आतून माहीत आहे. राज्याचं धोरण जुनं आहे : उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक घ्यावेत. स्थानिक म्हणजे राज्यात पंधरा वर्षं राहिलेला. कागदावर चोख. प्रत्यक्षात हजेरीपटावर कंपनीची माणसं मोजकी आणि मशीनवर उभी असलेली बाकी सगळी ठेकेदाराची. ठेकेदार मराठी, मालक मराठी, मुकादम मराठी. ठेकेदाराला एकदा सरळ विचारलं, की बाबा, आपल्या तालुक्यातली पोरं का आणत नाहीस? तो म्हणाला, “साहेब, गावचं पोरगं घेतलं की जत्रेला सुट्टी, लग्नाला सुट्टी, आणि बारा तासाला ओव्हरटाइम मागितला की संध्याकाळी कुणातरी दादाचा फोन. हा झारखंडचा शेडमध्येच झोपतो. त्याच्यासाठी फोन करणारं कोण आहे?”

हे ऐकल्यावर परप्रांतीयाने नोकरी पळवली असं मला म्हणता येत नाही. त्याला कुणी नाही म्हणून तो आणलाय. आणि जोवर त्याला कुणी नाही तोवर गावच्या पोरालाही आठ तासांचं, पीएफचं काम मिळणार नाही. या दोघांचं भांडण लावून मधला माणूस निवांत चहा पितो. ‘स्थानिक’ या शब्दाचं एक दुसरं रूपही चाकण-रांजणगावला ज्यांनी काम केलंय ते ओळखतात : भंगाराचं कंत्राट, कॅन्टीनचं कंत्राट, बसचं कंत्राट. फलकावर भूमिपुत्र, आत टक्केवारी. गावातल्या साध्या पोराला त्यातलं काय मिळतं ते त्यालाच विचारा.

कायदा नव्हता असं नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. ठेकेदाराकडे परवाना हवा, मजुराचं पासबुक हवं, प्रवासाचा खर्च आणि महिन्याच्या पगाराच्या निम्मा विस्थापन भत्ता द्यायला हवा. तीस वर्षांत मी एकाही मजुराच्या हातात तो भत्ता पडलेला पाहिला नाही. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत गेला. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर गोळा होतो, त्यातून बांधकाम मजुरांचं कल्याणकारी मंडळ चालतं. पण नोंदणीसाठी गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो बहुतेकदा द्यायचा कुणी? ज्याला मजूर कागदावर नकोच आहे त्याने.

म्हणून २०२० मध्ये काय झालं? टाळेबंदी लागली आणि कुठे किती माणसं आहेत हे कुणालाच सांगता येईना. आमच्या कारखान्याच्या शेडमधली नऊ पोरं चालत निघाली, नाशिक फाट्यावरून आम्ही सहा जणांना परत आणलं, तिघं गेली. ८ मे ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ते जालन्याहून निघाले होते. किती स्थलांतरित मजूर घरी परतताना दगावले, असा प्रश्न त्या सप्टेंबरात लोकसभेत आला तेव्हा अशी माहिती नाही, असं उत्तर सरकारने दिलं. मोजणीच नाही. शेवटची जनगणना २०११ ची, पुढची २०२७ ला. मध्ये सोळा वर्षं आपण अंदाजाने ‘लोंढे’ म्हणतोय.

त्या २०११ च्या आकड्यांतली एक गंमत : देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित निघाले, आणि त्यात सगळ्यात मोठा गट लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा. म्हणजे माझी आई स्थलांतरित, बायको स्थलांतरित. ठराव मंजूर झाला असता तर आधी घरातूनच सुरुवात.

आता बांगलादेशींचा मुद्दा. कुणीतरी काढणारच, सभेतही काढला. परदेशी माणूस कागदपत्रांशिवाय राहत असेल तर कायद्याने कारवाई व्हावी, यात मला काहीही शंका नाही. त्यासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदाही लागू झालाय. पण ते काम पोलिसांचं आहे. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा मुसलमान भारतीय असतो, हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला कळत नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रातून पकडलेल्या काही बंगाली मजुरांना सीमेपलीकडे ढकललं आणि मग ते भारतीय निघाले म्हणून परत आणावं लागलं. यंत्रणेचं हे, तर आमच्या ग्रुपवर “चेहऱ्यावरून ओळखू येतात” म्हणणाऱ्या काकूंचं काय सांगावं.

माझा भाचा मेलबर्नला आहे. ३१ ऑगस्ट २०२५ ला तिकडे स्थलांतराविरोधात मोर्चे निघाले, त्यांच्या पत्रकात भारतीयांचा थेट उल्लेख होता. त्या रात्री ताईचा फोन आला, ती रडत होती. पोरगं घराबाहेर पडलं नव्हतं. दाजींनी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, ‘आमची मुलं टॅक्स भरतात, कुणाचं खात नाहीत.’ दाजी निगडीचे. त्यांच्या फॉरवर्डमध्ये ‘पुणे वाचवा’ही असतं. मी त्यांना टोमणा मारला नाही. मोर्चातल्या त्या ऑस्ट्रेलियन माणसालाही घरभाडं परवडत नसेल, तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. फक्त त्याला भाडं वाढवणारा दिसत नाही, माझा भाचा दिसतो. आमच्या सभेतही तेच.

मग मराठीचं काय? इथे माझा राग सरकारवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. वॉचमनने मराठी बोलावं म्हणून हात वर करणारी सगळी सभा खाली उतरल्यावर त्याच्याशी हिंदीत बोलते. “भैया, पानी आया क्या?” तेही कसलं हिंदी! भाजीवाल्याशी हिंदी, प्लंबरशी हिंदी, आणि प्लंबर निघतो बार्शीचा. शाळेत मराठी सक्तीचा कायदा २०२० मध्ये झाला, उत्तम. पण बाविसाव्या वर्षी आलेल्या मजुराने मराठी शिकायची ती कुठे? डोअर स्टेप स्कूलसारखी संस्था पुण्यातल्या बांधकामांवर जाऊन मुलांना शिकवते. मोठ्यांसाठी संध्याकाळचा एक वर्ग पालिकेच्या शाळेत का नसावा? अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, त्या पैशातून दोन शिक्षक द्या. मी स्वतः यायला तयार आहे, फुकट.

एकाला मी शिकवलंच आहे. आमचा रात्रपाळीचा वॉचमन, ओडिशाचा. पहाटे पाचला टँकर येतो, मला खाली उतरावं लागतं. पहिल्या दिवसापासून त्याच्याशी हिंदी बोलायचं नाही असं ठरवलं. पहिला महिना तो नुसता हसायचा. सहा महिन्यांनी टँकरवाल्याशी मराठीत भांडायला लागला. चार वर्षं झाली.

ठरावाचं म्हणाल तर वादावादी झाली, बाजूने १९, विरोधात १७, बरेच तटस्थ. उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, फक्त कळवावं लागतं, हे मी वाचून दाखवलं. तेव्हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. तसं इतिवृत्तात लिहिलं आणि सोमवारी संध्याकाळी बोर्डावर चिकटवायला गेलो. अध्यक्ष शेजारी उभे होते. वॉचमन ड्यूटीवर येत होता.

“सर, काय लावायलाव?”

अध्यक्ष जन्माने पेठेतले. ते प्रेमानेच म्हणाले, “अरे, ‘लावायलाव’ नाही, ‘लावताय’ म्हणावं.”

“हो काका. लावताय.”

अध्यक्ष लिफ्टने वर गेले. दार बंद झालेलं त्याने पाहिलं आणि माझ्याकडे वळला.

“मग सर, काय लावायलाव?”

मी म्हणालो, टँकरचं वेळापत्रक. तेही खाली चिकटवलं होतं.