हर-टू गाठीत सापडतं की गाठ घडवतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्तनाच्या कर्करोगाला हर-टू जनुक हातभार लावतं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, गाठीत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या दिसतात म्हणून त्यांनीच गाठ घडवली असं ठरत नाही. पेशी बिघडली की शंभर गोष्टी विस्कटतात, त्यातलीच ही एक. दोन, एकाच रुग्णाचा रिपोर्ट एका लॅबमध्ये ‘२+’ तर दुसरीकडे ‘निगेटिव्ह’ येतो, म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार.

पहिला आक्षेप रास्त आहे. तो आणखी टोकदारही करता येतो. १७व्या गुणसूत्राचा हर-टू असलेला तुकडा वाढतो तेव्हा हर-टू एकटं वाढत नाही. जीआरबी७, एसटीएआरडी३ ही शेजारची जनुकंही सोबत वाढतात. मग दोष हर-टूचाच कशावरून? १९८७ साली कर्करोग-संशोधक डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासल्या. ३० टक्के गाठींत हे जनुक दुपटीपासून वीसपटींहून जास्त वाढलेलं होतं आणि त्या रुग्णांत आजार लवकर उलटत होता. (आज हे प्रमाण १५ ते २० टक्के धरतात.) पण हा नुसता संबंध झाला.

कारण ठरवायला वेगळे प्रयोग लागले. त्याच वर्षी उंदराच्या पेशींना माणसाचं निर्दोष हर-टू भरमसाट बनवायला लावलं, तर त्या कर्करोगी पेशींसारख्या वाढू लागल्या. तिथे शेजारची जनुकं नव्हतीच. मग ट्रॅस्टुझुमॅब आलं. हर-टू जनुकापासून त्याच नावाचं प्रथिन बनतं आणि ते पेशीच्या आवरणात रोवलेलं असतं. ही अँटीबॉडी त्याच्या पेशीबाहेरच्या भागाला चिकटते. २००१च्या चाचणीत हर-टू जास्त असलेल्या ४६९ स्त्रियांपैकी ज्यांना केमोसोबत हे औषध मिळालं, त्यांचा आजार साधारण ७.४ महिने आटोक्यात राहिला. नुसत्या केमोवर ४.६ महिने. हर-टू निव्वळ बघ्या असतं, तर त्याला धरून हा फरक पडला नसता.

जास्त प्रथिनानं बिघडतं काय, हेही माहीत आहे. हर-टूच्या भावंडांना, म्हणजे त्याच कुटुंबातल्या प्रथिनांना, बाहेरून वाढीचा संदेश चिकटला की ती उघडतात आणि जोडी जमवतात. हर-टूला असा संदेश लागतच नाही. त्याचा जोडीचा हात कायम बाहेर काढलेला असतो. पेशीच्या आवरणावर ते हजारोंनी असतं तेव्हा हे निभावून जातं. लाखोंनी दाटी झाली की संदेशाविना जोड्या जमतात. त्यात हर-थ्री या भावंडाशी जमलेली जोडी सगळ्यांत त्रासदायक: हर-थ्रीचं स्वतःचं एन्झाइम जवळपास निकामी, पण हर-टूनं त्याच्या शेपटीवर फॉस्फेट लावले की पीआय३-कायनेज हे संदेश पुढे नेणारं एन्झाइम तिथे येऊन बसतं आणि ‘मरू नकोस, वाढ’ हा आदेश पेशीत चालूच राहतो.

तरीही हर-टू एकटं पुरेसं नाही. दुधाच्या नलिकेतच थांबलेल्या, अजून आसपास न पसरलेल्या उच्च श्रेणीच्या गाठींतही हर-टू वाढलेलं असतं, आणि तेही आक्रमक गाठींपेक्षा जास्त वेळा. बाहेर पसरायला आणखी बिघाड लागतात. म्हणूनच लेखात ‘हातभार’ लिहिलं होतं.

आता रिपोर्ट. आयएचसी म्हणजे गाठीच्या कापावर हर-टू प्रथिन रंगवून त्याला ० ते ३+ गुण देण्याची चाचणी. तिच्यात ‘२+’ म्हणजे पॉझिटिव्हही नाही आणि निगेटिव्हही नाही. पुढे फिश (जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांनी मोजण्याची चाचणी) करा, एवढाच त्याचा अर्थ. ‘३+’ला १० टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, अखंड कडा दिसावी लागते. फिशमध्ये किमान २० पेशींतले ठिपके मोजतात: नेहमीच्या किटमध्ये हर-टूचे नारिंगी, १७व्या गुणसूत्राचे हिरवे. नारिंगी ८४ आणि हिरवे ४० भरले, तर गुणोत्तर २.१ आणि पेशीमागे सरासरी ४.२ प्रती. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि सरासरी ४ किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. तेव्हा ‘२+’नंतर फिशवर निगेटिव्ह आलं, तर त्यात विसंगती काहीच नाही.

खरी गडबड बहुतेकदा मशीनच्या आधी होते. तुकडा काढल्यापासून तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवा आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. उशीर झाला की प्रथिन झिजतं. सुईच्या बारीक तुकड्याच्या कडा नुसत्याच गडद रंगतात. तिथे वाचलं की खोटं ‘३+’. नलिकेतला भाग चुकून मोजला, तरी तेच. शेजारच्या निरोगी नलिकाच गडद दिसत असतील, तर स्लाइड फेकून पुन्हा रंगवायची. दोन लॅबच्या रिपोर्टची तुलना करताना आधी विचारा: दोघांनी एकच ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) तपासला का? काही गाठींत एक कोपरा पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह असतो.

आणि फिश-निगेटिव्ह ‘२+’ आता फाइलमध्ये पुरून ठेवायचं नाही. २०२२पासून पसरलेल्या आजारात ‘१+’ आणि फिश-निगेटिव्ह ‘२+’ या ‘हर-टू लो’ गटालाही ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन (केमोचं औषध जोडलेलं ट्रॅस्टुझुमॅब) देता येतं.