‘वेल्डर आता नको’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

माझा भाचा ठाण्यात आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला प्रवेश घेतो आहे. त्याच्या काकांनी एक संदेश पाठवला आणि घरात प्रवेश रद्द करण्याची भाषा सुरू झाली. संदेशाचे म्हणणे असे, की गेल्या वर्षी शोध लागलेला वेल्डिंग-प्रिंटर तारेपासून कोणताही भाग रातोरात घडवतो, तो सकाळी थेट यंत्रावर चढवता येतो आणि म्हणून दोन वर्षांत वेल्डर घरी बसतील.

शोध गेल्या वर्षीचा नाही. इलेक्ट्रिक आर्कने (वेल्डिंगच्या विजेच्या ठिणगीने) धातूचे थर रचण्याच्या पेटंटसाठी राल्फ बेकर यांनी अमेरिकेत 1920 मध्येच अर्ज केला होता. ‘रातोरात’चे म्हणाल, तर याच पद्धतीने घडवलेला आणि 2021 मध्ये खुला झालेला ॲम्स्टरडॅमचा सुमारे 12 मीटरचा पूल घडवायला रोबोंना महिनोन्‌महिने लागले.

खरा घातक मुद्दा ‘थेट चढवता येतो’ हा आहे, कारण तो वाचून एखाद्याने प्रेशरखालचा भाग खरोखरच तसा बसवला, तर जीव जाईल. रबाळेच्या कोणत्याही फॅब्रिकेशन शेडमधला वेल्डर सांगेल, की खालचा पास (वेल्डचा थर) पुरेसा निवण्याआधी वरचा चढवला तर धातू ओघळतो, वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारा शील्डिंग गॅस वाऱ्याने हलला की आत पोरॉसिटी, म्हणजे बारीक पोकळ्या, राहते आणि आकुंचनाने खालची बेस प्लेट केळ्यासारखी वाकते. शेकडो थर चढवणाऱ्या रोबोची यातून सुटका नाही. शिवाय पृष्ठभाग लाटालाटांचा निघतो, म्हणजे मशिनिंग (यंत्रावर तासून गुळगुळीत करणे) आलेच. रॉटरडॅम बंदरात 2017 मध्ये याच पद्धतीने केलेला जहाज ढकलणारा पंखा (प्रोपेलर) पाहा: निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे 298 थर, वजन सुमारे 400 किलो. पहिला नमुना जहाजावर गेलाच नाही. दुसऱ्याची जहाजे प्रमाणित करणाऱ्या ब्यूरो व्हेरिटास या संस्थेच्या देखरेखीखाली तपासणी झाली आणि मगच तो टगबोटीला (मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीला) लागला.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. टायटॅनियमचा मोठा ठोकळा कोरून बहुतेक धातू चुऱ्यात घालवण्यापेक्षा, किंवा एकाच सुट्या भागासाठी कास्टिंगचा साचा बनवून घेण्यापेक्षा ही पद्धत परवडू शकते. पण हजारोंनी लागणारे भाग ओतणाऱ्या कारखान्यांना तिची धास्ती नाही.

राहिला नोकरीचा प्रश्न. संशोधनाचा भर आता करंट, व्होल्टेज आणि तापमानाच्या नोंदींवरून दोष चालू कामातच पकडण्यावर आणि थरांमध्ये रोलर फिरवून आतला ताण कमी करण्यावर आहे. नोंदीतला चढउतार पाहून गॅस कमी पडला की वायर अडकली, हे ओळखायला आर्क जाणणारा माणूसच लागतो. भाच्याने प्रवेश घ्यावा आणि जमल्यास रोबो प्रोग्रॅमिंगही शिकावे, असे मी त्याच्या काकांना कळवले आहे.