किलोभर कुहोल आणि पप्याचं प्रोटीन

"शंभर ग्रॅमला १६ ग्रॅम प्रोटीन! चरबी दीड!" पप्याने मोबाईल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला. "फिलिपिनो लोक उगाच नाही गोगलगायी खात."

जिमला जायला लागल्यापासून पप्याला माणसंसुद्धा ग्रॅममध्ये दिसतात.

बाबल्याची नोकरी जहाजाच्या गॅलीतली, म्हणजे स्वयंपाकघरातली, सोबत निम्मे खलाशी फिलिपिनो. तो शांतपणे म्हणाला, "१६ कशाचे? कवच काढलेल्या मांसाचे. किलोभर आणलीस तर बरंचसं वजन कवचाचंच. गोगलगायीला तिकडे कुहोल म्हणतात. भातशेतातल्या सोनेरी कुहोलचं प्रोटीन १२च्या आसपास भरतं. लोह, मॅग्नेशियम आहे, कबूल. पण तिकडचा गिनाताआंग कुहोल हा पदार्थ नारळाच्या दुधातला. त्या दुधात शंभराला वीसेक ग्रॅम चरबी. तुझी दीड बुडाली."

"मग नारळ नको."

"मग रबर चाव."

मास्तरांनी "शी!" केलं.

"मास्तर, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, एकशिपी करतो तेव्हा पहिलं ताट कुणाचं पुढे येतं?" बाबल्याने विचारलं.

"त्या समुद्रातल्या असतात," मास्तर पुटपुटले.

अण्णा लातूरचा. "२०२२ला आमच्याकडचं सोयाबीन गोगलगायींनी फस्त केलं. त्याच खपवू की!"

"ती आफ्रिकन, जमिनीवरची. आणि दुकानात गोगलगायी मारायचे मेटाल्डिहाईडचे दाणे विकतोस तू, तेच टाकलेल्या शेतातली खाशील? फिलिपिन्समध्ये सोनेरी कुहोल १९८०च्या दशकात प्रोटीनसाठीच आणली. शेतात सुटली आणि भाताची कोवळी रोपं कुरतडायला लागली. तिकडेही एखाद्या पप्याने तक्ता वाचला असणार."

पप्याने मोबाईल खिशात घातला, पण हट्ट सोडला नाही. "करायची कशी ते तरी सांग."

"औषध न मारलेल्या शेतातली घ्यायची. गुलाबी अंडी विषारी, त्यांना शिवायचं नाही. दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेव, पाणी दिवसातून दोनदा बदल, वर जाळी बांध, नाहीतर सकाळी भिंतीवर शोधत बसशील. वास मारणारी फेकायची, एक मेलेली अख्खं पातेलं नासवते. कवच ब्रशने घास. कवचाचं शेपटाकडचं टोक उडव, नाहीतर कितीही चोखलंस तरी मांस बाहेर येत नाही. मग दहा मिनिटं खळाखळा उकळून ते पाणी ओतून टाक. उंदरांकडून तिच्यात कृमी येतो. कच्ची राहिली तर मेंदूच्या आवरणाला सूज."

"लिंबू पिळलं तर?"

"लिंबाने तू आंबशील, कृमी मरत नाही. पुढे आलं, लसूण, कांदा परत, गवती चहा ठेचून टाक. आधी पातळ दूध, त्यात वीस मिनिटं शिजव. घट्ट दूध अगदी शेवटी, मंद आचेवर, नाहीतर फुटतं आणि तेल वर येतं. पातीस म्हणजे माशाचा खारट रस, तो घातलास तर मीठ चाखूनच. मिरची टाक, आच बंद करताना शेवग्याचा पाला. अ जीवनसत्त्व हवं असेल तर ते त्या पाल्यात."

पप्या उजळला. "म्हणजे नुसता पाला खाल्ला तरी चालेल?"

मास्तर ताडकन उठले. "माझ्या शेवग्याला हात लावायचा नाही! गेल्या वर्षी शेंगा कुणी नेल्या ते मला ठाऊक आहे."

सगळे पप्याकडे बघायला लागले. अण्णाने हळूच विचारलं, "पप्या, शेंगेत प्रोटीन किती रे?"

बाबल्याला ठसकाच लागला. कुहोल राहिली बाजूला, शेंगांचा हिशेब रात्री दहापर्यंत चालला.